डुलणारी विंडो आणि काळा पडदा

लिनक्सच्या कॉम्प्युटरवर कुठलीही विंडो उघडा आणि तिच्या कडेला सावली पडली आहे का ते बघा. पुसट, मऊ सावली दिसत असेल तर कंपोझिटर नावाचा प्रोग्राम आपलं काम करतो आहे. सावलीच्या जागी जाड काळी पट्टी दिसत असेल, तर तो बंद आहे किंवा त्याला काम झेपत नाही. विंडो उघडताना हळूच मोठी होणं, बंद करताना खाली विरून जाणं, ओढताना डुलणं, सगळ्या उघड्या विंडो एकदम पसरून दिसणं हे सारे डेस्कटॉप इफेक्ट या एकाच प्रोग्रामच्या हातात असतात.

लिनक्सच्या पुस्तकांत हा विषय चैनीचा समजून दोन पानांत उरकला जातो, आणि मला ते अजिबात पटत नाही. इफेक्ट नीट चालायला ग्राफिक्स चिप, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर, मेसा ही ग्राफिक्सची लायब्ररी आणि शेवटी कंपोझिटर, असं सगळं जागच्या जागी असावं लागतं. यूट्यूबवरचा धडा, ऑनलाइन सातबारा, नकाशा, व्हिडिओ कॉल यांचं चित्रही याच वाटेने पडद्यावर येतं. इफेक्ट अडखळत असतील तर ही कामंही अडखळणार. म्हणून इफेक्ट चालू करता येणं आणि बिघडले तर दोष कुठल्या पायरीवर आहे ते शोधता येणं, ही लिनक्स वापरणाऱ्याची पहिली खरी कमाई आहे.

हे प्रकरण मी इटियाडोहचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, गाढवी नदीवरचं हे धरण. त्याच्या कालव्यांचं पाणी गोंदियाबरोबर शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या धानालाही जातं. इथल्यासारख्या गावांमधले कॉम्प्युटर दुकानातून आजच आलेले नसतात. कुणा कार्यालयाने काढून टाकलेले, नागपूरहून जुन्यात आणलेले, इंटेलच्या जी ३१ किंवा जी ४१ चिपसेटचा मदरबोर्ड असलेले असेंबल्ड डबेच जास्त. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार थांबवला. विंडोज ११ या जुन्या यंत्रांना पेलत नाही. हे डबे भंगारात न घालता वापरायचे तर लिनक्स हाच शहाणपणाचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर पहिली अडचण बहुधा पडद्याचीच येते.

आधी थोडा इतिहास, कारण आजच्या अनेक सवयी त्यातून आल्या आहेत. लिनक्सचा पडदा वर्षानुवर्षं एक्स विंडो सिस्टिम सांभाळत होती. ती १९८४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७मध्ये आली. या पद्धतीत सगळ्या विंडो एकाच फळ्यावर रंगवल्या जात. वरची विंडो सरकवली की खालच्या विंडोचा झाकलेला भाग पुन्हा रंगवावा लागे, आणि तो प्रोग्राम गुंतलेला असेल तर तिथे पांढरा डाग किंवा वरच्या विंडोचे ओरखडे उरत. २००४मध्ये एक्समध्ये ‘कंपोझिट’ नावाची सोय आली आणि प्रत्येक विंडोचं चित्र वेगळं, पडद्याआड साठवता येऊ लागलं. मग ती वेगवेगळी चित्रं एकत्र मांडायची कशी, हा प्रश्न उरला. त्याचं डोळे दिपवणारं उत्तर २००६च्या सुरुवातीला नोव्हेल कंपनीच्या कॉम्पिझने दिलं.

कॉम्पिझमध्ये चार डेस्कटॉप एका घनाच्या चार बाजूंवर चिकटलेले असत आणि माउसने तो घन गरागरा फिरवता येई. विंडो ओढली की ती डुलत डुलत मागे यायची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काही उत्साही लोकांनी त्यातून बेरिल नावाची वेगळी शाखा काढली. २००७मध्ये दोन्ही गट पुन्हा एकत्र आले आणि कॉम्पिझ फ्यूजन तयार झालं. ऑक्टोबर २००७च्या उबंटू ७.१०मध्ये ते बसवल्याबरोबर चालू मिळू लागलं. त्या काळात उबंटूची सीडी मागितली की टपालाने फुकट घरपोच यायची. ही सोय २०११मध्ये बंद झाली. नेट नसलेल्या गावांतही त्या सीडीमुळे लिनक्स पोचलं, आणि फिरणारा घन बघून पुष्कळ मुलांनी ते बसवलं. त्या घनाला मी कधीच नावं ठेवणार नाही. ज्या वयात माणूस यंत्राच्या प्रेमात पडतो त्या वयात त्याला असं काहीतरी दिसावंच लागतं.

महाराष्ट्रातलं नेमकं उलट उदाहरणही त्याच वर्षातलं आहे. २००७मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातल्या खैराट या छोट्या वस्तीच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. आतमध्ये लिनक्स, ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड प्रोसेसर आणि २५६ एमबी मेमरी. एवढ्याशा ताकदीवर घन फिरवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यावरचा ‘शुगर’ हा डेस्कटॉप प्रत्येक कामाला पूर्ण पडदा देऊन टाकायचा. एका विंडोवर दुसरी चढतच नसल्याने मागचं पुन्हा रंगवण्याचा त्रासच संपला. यंत्राची ताकद बघून पडद्याची मांडणी ठरवायची, हे शहाणपण मला घनाइतकंच मोलाचं वाटतं, आणि इटियाडोहच्या जुन्या डब्यांना तेच जास्त लागू पडतं.

कंपोझिटर नेमकं काय करतो? इटियाडोहपासून वडसा, म्हणजे देसाईगंज, लांब नाही, आणि वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं माहेरघर. धान घरात आलं की रात्रभर नाटकं चालतात. तिथला राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा हे वेगवेगळ्या कापडांवर आधीच रंगवून ठेवलेले असतात. प्रवेश बदलला म्हणून कुणी नव्याने रंगवायला बसत नाही; दोर ओढणारा माणूस हवा तो पडदा पुढे आणतो, नको तो वर घेतो. कंपोझिटर हा तो दोरवाला. प्रत्येक प्रोग्राम आपलं चित्र आपल्या कापडावर रंगवून देतो, आणि कोणतं पुढे, कोणतं मागे, कोणतं अर्धपारदर्शक हे कंपोझिटर ठरवतो.

कापडांना मात्र जागा लागते. १९२० बाय १०८० ठिपक्यांचा पडदा भरून असलेली एक विंडो, दर ठिपक्याला चार बाइट धरले तर, सुमारे ८.३ एमबी जागा खाते. अशा दहा विंडो म्हणजे ८३ एमबी. इंटेलच्या जुन्या चिपला स्वतःची मेमरी नसते. ती हा हिस्सा मुख्य रॅममधूनच घेते. शिवाय पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे एका मांडणीला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ग्राफिक्स चिप हे सहज करते, ती त्यासाठीच बनलेली असते. ती काही कारणाने कामाला लागली नाही, तर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांची मांडणी मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात पडते. मेसामधला ‘एलएलव्हीएमपाइप’ नावाचा भाग ही मांडणी प्रोसेसरकडून करवून घेतो. हे नाव लक्षात ठेवा, पुढच्या तपासात ते पुन्हा भेटेल.

आता इफेक्ट चालू कसे करायचे. कुठला डेस्कटॉप आहे त्यावर हे अवलंबून असतं.

सगळ्यात मोकळा हात केडीई प्लाझ्मा देतो. त्याच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजमेंट आणि त्यात डेस्कटॉप इफेक्ट्स असा विभाग आहे. वॉबली विंडोज म्हणजे डुलणारी विंडो, मॅजिक लॅम्प म्हणजे खालच्या पट्टीत निमुळती होत शिरणारी विंडो. हवं तिथे टिचकी मारून खूण करायची आणि अप्लाय दाबायचं. तो जुना घन मध्यंतरी काढून टाकला होता. फेब्रुवारी २०२४च्या प्लाझ्मा ६मध्ये तो परत आला.

लिनक्स मिंटच्या सिनॅमनमध्ये सिस्टिम सेटिंग्जमध्येच इफेक्ट्स नावाचं चिन्ह आहे. निवड थोडी, पण जे आहे ते नेटकं. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असेल तर विंडो मॅनेजर ट्वीक्स उघडून शेवटच्या कंपोझिटर या टॅबवर जा आणि डिस्प्ले कंपोझिटिंग चालू करा. इथे सावल्या आणि पारदर्शकता मिळते, डुलणं नाही. मेट डेस्कटॉपवर मेट ट्वीकमधून साधा मार्को, कंपोझिटिंगवाला मार्को किंवा कॉम्पिझ असा विंडो मॅनेजर निवडता येतो. ज्याला २००७ची मजा आजही हवी आहे त्याने हा रस्ता धरावा.

ग्नोममध्ये, म्हणजे नेहमीच्या उबंटूमध्ये, इफेक्टची यादी मुळात दिलेलीच नाही. अॅनिमेशन चालू किंवा बंद, एवढाच पर्याय अॅक्सेसिबिलिटीत मिळतो. बाकी सगळं एक्स्टेन्शनने करावं लागतं, आणि तिथे एक धोका आहे. ग्नोमची नवी आवृत्ती आली की जुनी एक्स्टेन्शन बंद पडतात. सप्टेंबर २०२३च्या ग्नोम ४५मध्ये तर अंतर्गत रचना बदलल्यामुळे झाडून सगळ्या एक्स्टेन्शनच्या कोडमध्ये बदल करावे लागले. गावातल्या सेवा केंद्राच्या यंत्रावर, जिथे रोज लोकांची कामं अडतात, तिथे ग्नोमची शोभेची एक्स्टेन्शन घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

हा झाला सोपा भाग. आता बिघाडाकडे येऊ.

इफेक्ट चालत नाहीत म्हटल्यावर माणूस सेटिंग्जमध्ये शिरतो आणि दिसेल ते चालू-बंद करत सुटतो. त्याने गुंता वाढतो. आधी एकच प्रश्न विचारायचा: पडदा कोण रंगवतंय, ग्राफिक्स चिप की प्रोसेसर? ग्नोममध्ये सेटिंग्जच्या अबाउट पानावर ग्राफिक्सची ओळ असते, आणि केडीईत इन्फो सेंटरमध्ये. टर्मिनलमधून बघायचं तर मेसा-युटिल्स हे पॅकेज बसवून इंग्रजी लहान अक्षरांत जी एल एक्स आय एन एफ ओ असं सलग लिहा, एक जागा सोडा, मग आडवी रेघ आणि मोठा बी. जे बाहेर येईल त्यात ‘ओपनजीएल रेंडरर’ची ओळ शोधा. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचं नाव असेल तर चिप काम करते आहे आणि दोष वरच्या पायरीवर आहे. तिथे एलएलव्हीएमपाइप दिसलं तर प्रोसेसर एकटा राबतो आहे, आणि सेटिंग्जमध्ये काहीही केलंत तरी फरक पडणार नाही. सिनॅमन अशा वेळी स्वतःच कोपऱ्यात सूचना देतो की तो सॉफ्टवेअर रेंडरिंगवर चालला आहे. ती सूचना लोक बंद करून टाकतात. खरं तर तिथूनच तपास सुरू व्हायला हवा.

चिप कामाला का लागत नाही? एक कारण वारंवार सापडतं आणि ते शोधायला मिनिटही लागत नाही. लिनक्स बसवताना पडदा नीट दिसत नव्हता म्हणून कुणीतरी ‘सेफ ग्राफिक्स’ किंवा ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडलेला असतो. त्या वेळी कर्नलला ‘नोमोडसेट’ असा आदेश दिला जातो, म्हणजे ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर लावूच नको. तो आदेश कधीकधी बसवलेल्या यंत्रातही कायमचा राहून जातो. सिस्टिमच्या ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट या फोल्डरात ग्रब नावाची फाइल असते. तिच्यातून तो शब्द काढायचा, अपडेट-ग्रब ही आज्ञा सुडोसह चालवायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. वर्षभर रखडत चाललेला कॉम्प्युटर एवढ्यावर सुधारतो.

दुसरं कारण चिपचं वय. जी ४१ बोर्डावरची जीएमए एक्स ४५०० ही चिप ओपनजीएल २.१पर्यंत जाते, तिच्यावर सावल्या, पारदर्शकता, थोडं डुलणं, सगळं बेताने चालतं. जी ३१ बोर्डावरची जीएमए ३१०० त्याच्याही आधीच्या पिढीची. तिच्यावर ग्नोम किंवा प्लाझ्मा लादणं हा यंत्रावरचा अन्याय आहे. तिथे एक्सएफसीई बसवा, कंपोझिटर बंद ठेवा. विंडो झटकन उघडेल, टायपिंग अडणार नाही, आणि यंत्र आणखी काही वर्षं कामाला येईल.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर गोष्ट वेगळी होते. लिनक्समध्ये आधीपासून असणारा मोकळा ड्रायव्हर नूव्हो हा कंपनीच्या मदतीविना, कार्ड कसं वागतं ते निरखून लिहिला गेला. साध्या कामाला तो पुरतो, पण अनेक कार्डांना तो पूर्ण वेगाने पळवू शकत नाही. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर वेगवान आहे, मात्र जुन्या कार्डांना तो सोडून देतो. जीफोर्स ८ आणि ९ मालिकांसाठीची ३४० ही शाखा २०१९च्या अखेरीस थांबली, आणि त्यापुढच्या फर्मी कार्डांसाठीची ३९० ही शाखा २०२२च्या अखेरीस. अशा कार्डावर नव्या लिनक्ससाठी कंपनीचा ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही. नूव्होवरच राहावं आणि इफेक्ट कमी करावेत. कार्ड नवं असेल तर उबंटूत अॅडिशनल ड्रायव्हर्स आणि मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर योग्य शाखा स्वतः सुचवतात. कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून हाताने बसवू नका, कारण पुढच्या कर्नल अपडेटला ती निखळून पडण्याची भीती असते.

इथेच एक निळा पडदा अनेकांना फसवतो. बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. यंत्र पुन्हा सुरू झालं की निळ्या पार्श्वभूमीवर ‘मोक मॅनेजमेंट’साठी कुठलीही कळ दाबा अशी ओळ येते आणि दहापासून उलटे आकडे सुरू होतात. काय आहे हे, म्हणून माणूस नुसता बघत राहतो, दहा सेकंद संपतात, आणि यंत्र ड्रायव्हरला परवानगी न देताच चालू होतं. मग पडदा जुन्याच रूपात दिसतो आणि ड्रायव्हर खराब आहे असं सगळे म्हणतात. करायचं एवढंच: कळ दाबायची, ‘एनरोल मोक’ निवडायचं, कंटिन्यू, मग येस, मघाचा पासवर्ड, आणि रीबूट. तो पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, कारण एकदाच लागणारी गोष्टच नेमकी विसरते.

गावात तिसराच शत्रू असतो: वीज. गोठणगावच्या बाजूच्या एका केंद्रातल्या मुलाचा एकदा फोन आला. “सर, स्क्रीन काळी झाली जी, नुसती दांडी लुकलुकते.” अपडेट चालू असताना लाइट गेली होती आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी. ड्रायव्हर अर्धाच बसला, त्यामुळे यंत्र चालू व्हायचं पण डेस्कटॉप यायचा नाही. मी त्याला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ एकदम दाबायला सांगितलं. काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ आली. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. “काहीच टाइप होत नाही जी.” होतं, पण दिसत नाही. लॉगिनच्या या काळ्या पडद्यावर पासवर्ड लिहिताना ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, लिहून एंटर दाबायचं. मग फोनवरून एकेक अक्षर: सुडो, स्पेस, डी पी के जी, स्पेस, दोन आडव्या रेघा आणि लगेच कॉन्फिगर, स्पेस, एक आडवी रेघ आणि ए. अर्धवट राहिलेली सगळी पॅकेजं या एका आज्ञेने पुढे बसायला लागतात. ओळींमागून ओळी सरकल्या, शेवटी सुडो रीबूट, आणि त्याचा डेस्कटॉप परत आला. ही आज्ञा उबंटू, मिंट आणि डेबियनच्या कुटुंबात चालते. कॉम्प्युटरच्या टेबलाला चिकटवून ठेवावी अशी ती आहे, आणि लॅपटॉप नसेल तर ड्रायव्हरचं काम यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय सुरूच करू नये.

चिप कामाला लागली, ड्रायव्हरही ठीक आहे, तरी इफेक्ट विचित्र वागत असतील तर दोष सेटिंग्जमध्ये असतो. तो पकडायची सगळ्यात खात्रीची युक्ती म्हणजे नवा युजर तयार करून त्यात लॉगिन करणं. नव्या खात्यात सगळं सुरळीत असेल तर यंत्र निर्दोष आहे; तुमच्या खात्यातलीच एखादी फाइल बिघडली आहे. कॉम्पिझच्या सेटिंग्ज मॅनेजरमध्ये हे हमखास होतं. कुणीतरी ‘विंडो डेकोरेशन’ची खूण काढतो आणि सगळ्या विंडोंच्या वरच्या पट्ट्या गायब होतात. ना बंद करायची फुली, ना धरून ओढायला जागा. घाबरून यंत्र फॉरमॅट केल्याची उदाहरणं आहेत. मेट डेस्कटॉपवर कंट्रोल-ऑल्ट-टीने टर्मिनल उघडायचं आणि मार्को, स्पेस, दोन आडव्या रेघा, रिप्लेस एवढं लिहायचं. पट्ट्या तत्काळ परत येतात, आणि मग निवांतपणे ती खूण पुन्हा लावता येते.

आणखी एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते: तुमचं सेशन जुन्या एक्सवर आहे की वेलँडवर. वेलँडचं काम २००८मध्ये सुरू झालं. त्यात पडदा सांभाळणारा आणि मांडणी करणारा हे दोघे वेगळे राहिलेच नाहीत, कंपोझिटर हाच सर्वेसर्वा. त्यामुळे तो बंद करता येत नाही. जुन्या पुस्तकांत केडीईसाठी ऑल्ट-शिफ्ट-एफ १२ दाबून इफेक्ट थांबवा असं लिहिलेलं असतं; ते फक्त एक्सच्या सेशनला लागू होतं. नोव्हेंबर २०१६च्या फेडोरा २५ने वेलँड मुख्य रस्ता केला, आणि ऑक्टोबर २०२५च्या उबंटू २५.१०मध्ये तर ग्नोमचं एक्स सेशन उरलंच नाही. सिनॅमन अजून मुख्यतः एक्सवरच आहे. जुन्या यंत्राला ज्या दिवशी कंपोझिटर बंद करण्याची गरज पडेल त्या दिवशी ही सोय हाताशी असावी, म्हणून अशा डब्यांवर मी आज तरी मेट किंवा एक्सएफसीईचाच आग्रह धरतो.

व्हिडिओ बघताना चित्र मधोमध आडवं चिरल्यासारखं दिसतं, त्याला टेअरिंग म्हणतात. नवं चित्र पडद्याच्या फेरीशी जुळवून न दिल्याने ते होतं. एक्सएफसीईच्या कंपोझिटरला ही जुळवणी ऑगस्ट २०१९च्या ४.१४ आवृत्तीपासून नीट येते. म्हणजे टेअरिंग दिसलं तर कंपोझिटर बंद करायचा नाही, उलट चालू करून बघायचा.

आता ज्या इफेक्टची मला मनापासून काळजी आहे तो: झूम. केडीईत मेटा म्हणजे विंडोजच्या खुणेची कळ धरून बरोबरचं चिन्ह दाबलं की सगळा पडदा माउसभोवती मोठा होतो. मेटा आणि शून्य दाबलं की मूळ आकारावर येतो. ग्नोममध्ये तीच कळ, ऑल्ट आणि ८ दाबून भिंग चालू होतं. मोतीबिंदू झालेल्या माणसाला अर्जातलं आपलं नाव बरोबर लिहिलं आहे का हे स्वतः वाचता येणं, यासाठी इफेक्ट हवेत. देवनागरीला तर याची जास्तच गरज. रफार, अनुस्वार, मात्रा, पायमोडकी अक्षरं हे सगळं ओळीच्या वर-खाली दाटीने बसतं, आणि लहान आकारात ‘मोरगाव’चं ‘मारगाव’ झालेलं पटकन लक्षात येत नाही. मात्र झूम आणि फ्रॅक्शनल स्केलिंग यांत गल्लत करू नका. पडदा कायमचा सव्वापट किंवा दीडपट करणारं स्केलिंग वेलँडवर जुन्या एक्ससाठी लिहिलेल्या प्रोग्रामांची अक्षरं अंधूक करू शकतं. तसं झालं तर स्केलिंग १०० टक्क्यांवर आणा आणि फक्त फॉन्टचा आकार वाढवा. मराठी मजकूर लगेच ठसठशीत होतो.

काहींना नेमका उलट त्रास असतो. सरकणाऱ्या, डुलणाऱ्या विंडो बघून त्यांना गरगरतं. त्यांच्यासाठी अॅनिमेशन बंद करा आणि सावल्या राहू द्या, कारण एकावर एक विंडो असताना कोणती वर आहे ते सावलीवरूनच कळतं. जुन्या डब्यावर एकच इफेक्ट ठेवायची परवानगी असेल तर मी सावलीच ठेवीन.

ज्यांना हे पडद्यावर बघत शिकायचं आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले उबंटूचे धडे आहेत. डेस्कटॉप हवा तसा कसा मांडावा, एकाहून जास्त डेस्कटॉप कसे वापरावे हे त्यात छोट्या छोट्या व्हिडिओंतून दाखवलं आहे, आणि पुष्कळ धडे मराठी आवाजातही मिळतात. उतरवून ठेवले तर नेट नसतानाही बघता येतात. जलाशयाच्या काठच्या गावांत रेंज ये-जा करत असते, तिथे ही मोठी सोय आहे.

एक विनंती. तुमच्या यंत्रावर इफेक्ट चालू झाले किंवा बिघाड सापडला, की एका कागदावर चार ओळी मराठीत लिहा: मदरबोर्डचा चिपसेट, लिनक्सचं नाव आणि आवृत्ती, रेंडररच्या ओळीत काय दिसलं, आणि शेवटी काय केल्याने जमलं. तो कागद कॅबिनेटच्या आत चिकटवा आणि त्याचा फोटो शाळेच्या किंवा केंद्राच्या ग्रुपवर टाका. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात एकाच प्रकारचे कितीतरी डबे असतील. पुढच्या माणसाला तुमच्या त्या चार ओळी या सगळ्या प्रकरणापेक्षा जास्त उपयोगी पडतील.